सध्या घरचीच बघते

धुण्याचं मशीन पाणी फेकत होतं. मी त्याच्या शेजारी फरशीवर पाय पसरून बसले होते आणि अंगठ्यानं एकेक जाहिरात पास करत होते, तेव्हा ती आली. एरवी हे काम माझं नाही. आमच्या ग्रुपवर येणारी प्रत्येक जाहिरात आधी कुणीतरी वाचतं, मग ती सगळ्यांना दिसते, आणि त्या वाचण्यासाठी मी एक मदतनीस ठेवली आहे. ती त्या दिवशी अक्कलदाढ काढायला गेली होती. ज्यांची घरं दोन-चार दिवसांच्या पाहुण्यांना भाड्यानं जातात ते मालक, आणि ती घरं त्यांच्या वतीनं सांभाळणारी माणसं, यांची गाठ घालून देणं हा माझा धंदा. बाहेर त्यांना को-होस्ट म्हणतात. आमच्या ग्रुपवर नुसतं 'बघणारा', 'बघणारी' म्हणतात. तुमचं कोण बघतं? माझं एक बाई बघतात. नव्यानं आलेल्या एका गृहस्थांना वाटलं होतं की हा आजारी माणसांना सांभाळणाऱ्यांचा ग्रुप आहे, आणि त्यांनी आपल्या सासऱ्यांचं वजन आणि पथ्यपाणी लिहून पाठवलं होतं. त्यावर आम्ही पुष्कळ हसलो. मी त्यांना खाजगीत नीट उत्तर दिलं आणि एक चांगली नर्सही शोधून दिली, कारण माणसाला माणूस शोधून देणं ही एक खोडच लागते, ती सुटत नाही.

जाहिरात नाव न दाखवता टाकलेली होती, ते तपासणाऱ्यालाही दिसत नाही. ही सोय मीच मागून घेतली आहे. पुष्कळदा मालकाला जिला काढायचं असतं तीही ग्रुपवर असते, आणि तिला ते असं कळू नये. जाहिरात अशी होती: 'दोन खोल्यांचं घर आहे.. तिसऱ्या मजल्यावर.. उजेड भरपूर.. स्वयंपाकघराच्या खिडकीची खिट्टी गेली आहे, तिथे दोरी बांधली आहे, ती कशी सोडायची ते शिकवीन.. सध्या घरचीच बघते.. काम चोख आहे, तक्रार नाही.. पण आता बदल करायचा आहे.. शांत, ऐकून घेणारी बाई हवी.. अनुभव कमी असला तरी चालेल.. तब्येतीला जपा..' मला ती आवडली. खिट्टी गेल्याचं आधीच सांगणारा मालक हजारांत एखादा. 'तक्रार नाही' हेही बरं केलं, जुन्या माणसाची निंदा करणाऱ्या जाहिरातीला चांगली माणसं उत्तर देत नाहीत, हे मी घसा फोडून सांगत असते. शेवटचं 'तब्येतीला जपा' वाचून हसू आलं. कुणाची तरी आई दिसते, असं मी मनात म्हटलं. ते शेवटचं वाक्य तेवढं काढायला सांगावं म्हणून अंगठा उचलला, आणि तो तसाच वर राहिला. वाक्यानंतर दोन टिंबं. दोन. एक नाही, तीन नाहीत, आई देते तशी.   मग मी उठून स्वयंपाकघरात गेले, जणू काही मला माहीत नव्हतं, आणि खिडकीकडे बघितलं. बाबांनी बांधलेली दोरी तिथे होती. तिची गाठ मला चांगली सोडता येते, मला कुणी शिकवायची गरज नाही.

हे घर आईचं. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि हे रिकामं राहिलं, तेव्हा मीच म्हटलं, मी बघते. धाकटा भाऊ दूर असतो, तो रविवारी फोन करतो आणि सगळ्याला बरं म्हणतो. मी भिंतींना रंग दिला, नळ बदलले, पडदे शिवून घेतले. आईची दोन कपाटं, शिवणाचं मशीन, बाबांची पुस्तकं, हे सगळं मागच्या छोट्या खोलीत नीट लावून तिला कुलूप घातलं आणि दारावर 'खाजगी' अशी पाटी लावली. पाहुणे येतात, जातात, भिंतींचं कौतुक लिहितात. पाहुणे गेले की मी येते, गाद्या उन्हात टाकते, मोरीच्या जाळीतले केस काढते, टीव्हीच्या रिमोटचे सेल बघते, चादरी बदलते. मला मदतीला माणूस ठेवता आलं असतं. शंभर घरांना मी माणसं मिळवून दिली, या एका घराला मी स्वतः येते. आईचं घर म्हणून येते, असं मी सांगत असे. सांगण्यासारखी गोष्ट वाटायची ती.

मशीन थांबलं. मी चादरी काढल्या नाहीत. भिंतीला टेकून उभी राहिले आणि गेले काही आठवडे उलटे मोजायला लागले, म्हणजे दिवस नाही, वाक्यं. कारण त्या आठवड्यांत आई माझ्याशी गोड वागत होती. हे मला आधी लिहायला हवं होतं, पण त्याचा विचार केला की अजून तोंडात मारल्यासारखं होतं. आई गोड वागत होती आणि मी ते खरं मानून वेड्यासारखी तरंगत होते. माझी आई कौतुक करणारी बाई नाही. ती आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. तिच्यासमोर शर्टांचे ढीग यायचे, कॉलर उलटायची, बगलेची शिवण ताणायची, काजं मोजायची. दोष दिसला की खडूची फुली आणि डावीकडच्या टेबलावर. दोष नसला की उजवीकडे, आणि त्याबद्दल बोलायचं काहीच नाही. चांगल्या शर्टाशी कोण बोलतं? घरीही तेच. मी चित्र काढून दाखवलं तर ती झाडाच्या बुंध्यावर बोट ठेवायची, इथे सावली उलटी पडली. निकाल आणला तर ज्या विषयात कमी त्यावर बोट. धाकटा तिच्या बोटाला हसायचा, मी मात्र ते बोट उठेल कधी याची वाट बघत मोठी झाले. बाबा म्हणायचे, अगं, ती काही बोलली नाही म्हणजे पास. मला पास व्हायचं नव्हतं. मला ऐकायचं होतं.

आणि ते मला या वयात ऐकायला मिळालं. रविवार होता, धाकट्याचा फोन स्पीकरवर होता, मी इस्त्री करत होते. धाकट्यानं नेहमीसारखं विचारलं, घराचं काय म्हणतंय? आणि आई म्हणाली, "हिच्यासारखी चादर कुणाला अंथरता येत नाही हं. कोपरे असे बसवते, सुरकुती म्हणून सापडायची नाही. मी बघितलंय."  धाकटा म्हणाला, "काय गं, तब्येत बरी आहे ना तुझी?" तिघंही हसलो. मी इस्त्री उभी करून ठेवली, न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. इतकी साधी गोष्ट. चादर. पण बोलणारी कोण होती? जिनं आयुष्यभर शिवणी तपासल्या ती. तिला सुरकुती सापडली नाही म्हणजे नव्हतीच. त्यानंतर मी इथे येऊन चादर अंथरताना कोपऱ्यापाशी थोडी थांबायची, हात फिरवायची, आणि कुणी बघत नसताना स्वतःशीच हसायची. एवढी मोठी बाई मी, चादरीला हसत होते.

मग ती काळजी करायला लागली. तू दमतेस. किती धावपळ करतेस. डोळ्यांखाली बघ काय झालंय. एखादा आठवडा कुठेतरी जाऊन ये ना, मैत्रिणीकडे वगैरे. मी म्हणायची, छे गं, मला कसलं दमायला होतंय, आणि रात्री आरशात डोळ्यांखाली बघायची, प्रेमानं बघायची, कारण त्या काळ्या वर्तुळांकडे कुणाचं तरी लक्ष होतं. मग किल्ली. दाराला मी आकड्यांचं कुलूप बसवलेलं आहे, पाहुण्यांना तेच सोयीचं पडतं, आणि आईला तो आकडा कधी लक्षात राहिला नाही. एकदा ती काहीतरी आणायला आली आणि बाहेरच्या जिन्यात उभी राहून मला फोन करत राहिली, मी दुसऱ्या घरी होते, फोन उचलला नाही. तेव्हा संध्याकाळी ती हसत म्हणाली होती, "माझ्याच घराचा नंबर मला लोकांना विचारावा लागतो." मीही हसले होते. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "एक साधी किल्ली असेल ना त्या कुलपाला? ती मला देऊन ठेव. तुझी किल्ली माझ्याजवळ असलेली बरी." तुझी किल्ली माझ्याजवळ असलेली बरी! मी दुसऱ्याच दिवशी किल्ली आणून दिली, तिला लाल दोराही बांधला.

आता सांगते की मला हे सगळं का आठवायला लागलं. दोन वर्षांपूर्वी मी ग्रुपवर एक लेख लिहिला होता, 'घरचं माणूस मोकळं करताना'. आमच्या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम तेच असतं. घर भाच्याकडे दिलेलं असतं किंवा जावेकडे, हिशेब दिसत नाहीत, पाहुणे चिडतात, आणि मालकाला तोंड उघडता येत नाही, कारण तोंड उघडलं की नातं तुटतं. रोज कुणीतरी रडत यायचं. मग मी बसून लिहिलं. तक्रारीनं सुरुवात करू नका, असं लिहिलं. आधी त्या माणसाची एक, फक्त एक, खरी चांगली गोष्ट शोधा आणि ती चारचौघांत बोलून दाखवा. ती खरीच हवी, खोटं कौतुक लगेच कळतं. मग त्याच्या थकव्याबद्दल बोला, विश्रांतीबद्दल बोला, म्हणजे पुढं त्याला ते स्वतःचंच म्हणणं वाटेल. किल्ल्या आधी ताब्यात घ्या, पण सरळ मागू नका, काहीतरी घरगुती निमित्त काढा. नवं माणूस आधी शोधून ठेवा. आणि मग एखाद्या दुपारी, जेवण झाल्यावर, शांतपणे सांगा. लेख फार वाचला गेला. मालकांनी धन्यवाद दिले, एका बाईंनी लिहिलं की तुमच्यामुळे माझी नणंद अजून माझ्याशी बोलते. टाकण्याआधी मी तो आईला वाचायला दिला होता. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला आणि फोन परत देत म्हणाली, "कानामात्रा ठीक आहे."

मी पलंगावर बसले, उघड्या गादीवर. खोलीत साबणाचा वास होता आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढत होतं. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी नीट कळलं. लेखातली एकेक ओळ माझ्यावरून गेली होती आणि मला प्रत्येक वेळी वाटलं होतं की कुणीतरी पाठीवरून हात फिरवतंय. ही युक्ती इतकी चालते हे मी लोकांना सांगत होते, ती आतल्या बाजूनं कशी लागते हे मला माहीत नव्हतं. छान लागते. फार छान लागते, तेच तर वाईट. घर जाईल याचं मला दुःख होतं का? मी स्वतःला विचारून बघितलं. घर तिचं आहे, तिनं कुणालाही द्यावं, मला एक काम कमी. पण ते वाक्य? ते तिनं मला दिलेलं एकुलतं एक वाक्य होतं, आणि ते माझ्याच लेखातून मला परत पाठवलं होतं. चादरीच्या कोपऱ्यापाशी थांबून हसणारी ती बाई आठवली आणि तिचे कान उपटावेसे वाटले.

मग मी आईची बाजूही बघायचा प्रयत्न केला, ग्रुपवर करते तसा. मालकाचं ऐका, मग बोला. काय ऐकायचं? मागे एकदा ती म्हणाली होती, "मला आठवडाभर तिकडे जाऊन राहायचंय." मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "कशाला म्हणजे? राहायला." मी फोनवर तारखा काढून दाखवल्या. सगळ्या भरलेल्या होत्या, पुढे मोकळ्या झाल्या की तुझ्यासाठी एक आठवडा अडवून ठेवते, असं म्हटलं. यात माझं काय चुकलं ते मला अजूनही कळत नाही. तारखा भरलेल्या होत्या. लोकांनी पैसे भरले होते, विमानांची तिकिटं काढली होती. मी कुणाला काय सांगणार होते, मालकीणबाईंना त्यांच्या पलंगावर झोपायचंय? पुढे त्या मोकळ्या झाल्या तेव्हा मी विसरले असेन, तिनंही आठवण करून दिली नाही. आठवण करून द्यायला काय झालं होतं? मला रोज पन्नास माणसं आठवण करून देतात. तिनं डावीकडच्या टेबलावर टाकलं असेल मला, खडूची फुली मारून, आणि मी उजवीकडे आहे असं समजत राहिले.

ग्रुपवर ती जाहिरात अजून माझ्या परवानगीची वाट बघत होती. नाकारली असती तर तिला एक छापील ओळ गेली असती, 'आपली जाहिरात नियमांत बसत नाही', आणि ती चष्मा लावून नियम शोधत बसली असती. पास केली असती तर संध्याकाळपर्यंत तिला वीसेक बायकांनी लिहिलं असतं. चांगल्या बायका आहेत, मी पारखून घेतलेल्या. त्यांच्यातल्या कुणाकुणाला मी शिकवलंय, पाहुण्यांशी कसं बोलायचं, दिवे गेल्यावर काय करायचं. त्यांच्यातली एखादी इथे उभी राहील आणि आई तिला दोरीची गाठ दाखवेल. आई हसून दाखवेल. परक्यांशी ती फार छान बोलते, मला माहीत आहे, बसथांब्यावरच्या बायकांशी तिची जन्माची ओळख होते. मी उठले आणि धुतलेल्या चादरी दोरीवर टाकल्या, कपाटातून कोरडी जोडी काढली, अंथरली. कोपरे बसवले. हात आपोआप चालत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. एका कोपऱ्याला मी मुद्दाम सुरकुती ठेवली. मग ती मलाच बघवेना, म्हणून ओढून नीट केली, आणि स्वतःचा इतका राग आला की उशी भिंतीवर मारली.

तेवढ्यात दाराला किल्ली लागली.

आकड्यांची टिकटिक नव्हती, किल्लीचाच आवाज होता. आई आत आली. चपला काढल्या, त्या भिंतीशी जोडून ठेवल्या, पिशवी खांद्यावरून उतरवली, आणि मग तिनं मला बघितलं. हातातली किल्ली तिनं मुठीत घेतली, लाल दोरा बोटांमधून लोंबत राहिला.

"अगं, तू अजून इथेच?" ती म्हणाली. "एव्हाना निघतेस ना तू?"

"एव्हाना निघते हे तुला कसं माहीत?"

"पाहुणे गेल्यावर येतेस, दुपारी निघतेस. नवे संध्याकाळी येतात. मधे रिकामंच असतं." ती खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेली, तिच्या पाठीवर हात ठेवला, बसली मात्र नाही. "येते मी कधीकधी. बसते जरा. खुर्चीतच बसते. पलंगावर नाही बसत, चादर मोडेल."

 म्हणजे किल्ली त्यासाठी होती की लेखासाठी? की दोन्हीसाठी? मी तिच्याकडे बघत होते आणि तिच्या चेहऱ्यावर काही सापडत नव्हतं, तो नेहमीसारखा होता, चष्म्याच्या वर दोन उभ्या आठ्या. मी फोन पुढे केला. तिनं लांबूनच बघितलं आणि तिला कळलं.

"ते तू वाचतेस?" ती म्हणाली. "तुझी ती मुलगी वाचते ना सगळं? तूच म्हणालीस, मी हल्ली जाहिराती बघत नाही."

"ती दाढ काढायला गेलीय."

"आई गं. अक्कलदाढ?"

"हो."

"फार दुखतं ते. सुजतं किती. तिला फोन केलास का?"

"आई!"

 ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेऊन, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसतात तशी. स्वतःच्या घरात ती अशी बसली होती आणि मला ते दिसत होतं, पण मला त्या वेळी ते बघायचं नव्हतं. मला माझंच दुखत होतं.

"धाकट्याला माहीत आहे?" मी विचारलं.

"त्याला कशाला सांगू? त्याच्या पोटात काही राहतं का? तुलाच सांगणार होते. माणूस मिळालं की सांगणार होते."

"दुपारी. जेवण झाल्यावर."

"हो," ती म्हणाली. लपवलं नाही, ओशाळलीही नाही. "तूच लिहिलंयस ते. चांगलं लिहिलंयस. मला वाटलं, तुला कळतं यातलं, तर तसंच करावं. भांडण नको. भांडणाची मला आता ताकद नाही. तुझ्याशी कोण भांडणार, तू तारखा काढून दाखवतेस."

वरच्या मजल्यावरची खुर्ची पुन्हा ओढली गेली. मी पलंगाच्या कडेला टेकले आणि लगेच उठले. मग मी ते विचारलं. विचारू नये हे कळत होतं, माझा आवाज बारीक होऊन फ्रॉकमधल्या मुलीसारखा येणार हेही कळत होतं, तरी विचारलं.

"ते चादरीचं तू म्हणालीस. ते खरं होतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सुरकुती सापडत नाही वगैरे. का नुसतं लेखात आहे म्हणून?"

आईला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "खोटं कसं बोलीन? खोटं लगेच कळतं असं लिहिलंयस की तू. खरंच हवं म्हणून मग मी शोधत बसले. कितीतरी दिवस तुझ्याकडे बघत होते, काय सांगावं, काय सांगावं."

"आणि तेवढंच सापडलं?"

"एकच सांगायचं," ती म्हणाली, "असं लिहिलंयस."

 एकच सांगायचं होतं म्हणजे बाकी होती? किती होती? त्यातली चादर का निवडली? हे सगळं मला विचारता आलं असतं, ती उत्तर देईल अशा सुरात बसलेली होती. पण विचारून ऐकलेलं काय ऐकायचं, आणि ती पुन्हा खरं सांगणार, आणि खऱ्यात काय निघेल त्याचा भरवसा नाही. माझी आई शर्ट हातात घेते ती उलटा करूनच. मी चादरीची घडी उगाच उचलून दुसरीकडे ठेवली. तिनं पिशवीतून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि डोळ्यांना लावला.

"एक सांगू का?" ती म्हणाली. आवाज मऊ झाला होता, आणि मी अंग चोरून घेतलं, कारण तो मऊपणा मला आता ओळखू येत होता. "तूच बघून दे ना एखादी. जाहिरातीतून काय कळतंय? माणसं काय, सगळी गोड लिहितात. तुझ्याइतकी माणसाची पारख मी कुणाला बघितली नाही. नर्स शोधून दिलीस त्या माणसाला, त्याचा सासरा उठून चालायला लागला, तूच सांगितलंस. मी बसथांब्यावर सगळ्यांना सांगते."

मी मनातल्या मनात लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. हे त्यात नव्हतं. असलं काही मी लिहिलेलं नव्हतं, लिहिणंच शक्य नव्हतं, काढायच्या माणसालाच नवं शोधायला सांगा असं कोण लिहील? हे तिचं स्वतःचं होतं. तिनं ते बसथांब्यावर सांगितलं होतं, ओळखीपाळखीच्या नसलेल्या बायकांना, आणि मला सांगायला तिला हे कारण लागलं. माझे डोळे भरून आले आणि त्या भरून येण्याचा मला भयंकर राग आला. नाही म्हणायचं होतं. तुझं तू बघ, असं म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण ती वर बघत होती, चष्म्यातून, आणि माझ्या तोंडून तेच निघालं जे मी इतक्या वर्षांत प्रत्येक मालकाला पहिल्यांदा विचारत आले.

"कशी हवी?"

आईला विचार करावा लागला नाही.

"परकी," ती म्हणाली.